घोंगड्याखालची कीड

“आज दुखत नाही म्हणून विसरून जाऊ नका,” सांगलीच्या डॉक्टर राजनंदिनी एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या होत्या. अमृतची खालची अक्कलदाढ जबड्यात आडवी पडली होती, पुढच्या दाढेच्या बुडाशी डोकं लावून. वर यायला तिला जागाच नव्हती. अर्धवट उघड्या हिरडीखाली घास अडकणार, कुजणार, सूज फिरून फिरून येणार. या वयात जखम लवकर भरते, तेव्हा सवडीनं काढून टाकू, असं त्यांचं मत पडलं. मग चष्मा काढून त्यांनी एवढंच जोडलं, “सूज हनुवटीखाली उतरली, थुंकी गिळता येईना, तर मात्र वाट बघायची नाही. त्याच पावली इकडं यायचं.”

राजेश्वरीनं मान हलवली आणि सोडून दिलं. अमृत तिचा धाकटा दीर. नवरा सैन्यात, लांब सीमेवर. घरात ती, वर्षाची शिवांजली, सासरे बाळासो आणि आजेसासू रंगूबाई. शिवांजलीला दात येत होते, त्यामुळं राजेश्वरी दिवसातून दहादा तिच्या हिरडीवरून बोट फिरवायची. पोरगी शिंकली तरी ही तिला उचलून दवाखाना गाठायची. बाविशीच्या धडधाकट दिराच्या तोंडात कोण डोकावतंय?

आता चिंचेखाली उभी असताना तिला डॉक्टरीणबाईंचा शब्दन् शब्द आठवत होता.

आष्ट्याच्या पलीकडं, उसाच्या फडांमधून गेलेल्या वाटेवर ती चिंच होती आणि तिच्या बुडाला केरबा महाराजांचं पत्र्याचं शेड. दर रविवारी तिथं जत्रा भरायची. पार आटपाडीकडून पिकअप भरून माणसं यायची. ज्याचा त्याचा गाल टॉवेलानं बांधलेला, डोळे पाण्यानं भरलेले. मधोमध पाण्याची परात, परातीत वीट, विटेवर लालभडक तापवलेली लोखंडी तवी. महाराज पिशवीतली चिमूटभर औषधी तेलात कालवून तवीवर टाकत. रोग्यानं धुरावर तोंड वासून वाकायचं, वरून काळं घोंगडं पडायचं. जरा वेळानं घोंगडं उचललं की परातीत पांढरे, वळलेले किडे तरंगत असायचे. गर्दी हात जोडायची.

“डाक्टर काय करतो?” महाराज विचारायचे. “दाढ उपटतो. घरात ढेकूण झालं म्हून घर पाडतो व्हय रं कुनी? आमी ढेकूण काढतो, घर ठेवतो.” दाढ उपटली की डोळ्याची शीर तुटते, अक्कलदाढ गेली की माणूस भ्रमिष्ट होतो, विंग्रजी गोळी घेतली की किडा जबड्यात खोल पळतो. हे सगळं ते इतक्या खात्रीनं सांगायचे, जणू किड्यानंच त्यांना कळवलं होतं.

दाढ ठणकायला लागली म्हणून अमृत गेल्या रविवारीही इथं वाकला होता. परातभर किडे पडले. धुराच्या उबेनं दिवसभर ठणका कमी वाटला आणि बाळासोंचा विश्वास पक्का झाला. राजेश्वरीनं आणलेल्या गोळ्या त्यांनी कपाटात टाकल्या. मग सूज गालावरून खाली सरकली. काल हनुवटीखालचा भाग कच्च्या पेरूसारखा टणक लागत होता. आज अमृतचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. बोलला की तोंडात कढत घास धरल्यासारखा आवाज यायचा. आणि तो सारखा टॉवेलात थुंकत होता.

राजेश्वरी त्याच्या कंठाकडं बघत राहिली. कंठ हलत नव्हता. तो गिळतच नव्हता.

“मामा, आत्ताच्या आत्ता सांगलीला चला,” ती सासऱ्यांना म्हणाली. “हे साधं दुखणं नाही.”

बाळासो निवृत्त हवालदार. सैन्यभरतीच्या गावात आईबाप पोरांचे दात मोजून ठेवतात. दात कमी भरले की मेडिकलला नापास, हे तिथं शेंबडं पोरगंही सांगेल. “दोन साल भरतीपायी पळतोय त्यो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “एक दाढ उपटायची आन् पोरगं परत पाठवलं, तर त्येला तोंड कोन दाखवायचं? आन् किडं पडल्यालं तू सोता बगितलंस न्हवं?”

बघितले होते, तेच तर तिला टोचत होतं. पोराच्या तोंडातून पडोत की म्हाताऱ्याच्या, किडे सगळे सारखे. एकही वळवळत नव्हता.

महाराजांनी अमृतचा जबडा चाचपला आणि जाहीर केलं, की किड्यांची राणी बिजागरी धरून बसलीय. आज दोनदा धूर द्यावा लागंल, नंबरानं घेऊ. नंबर यायला ऊन उतरलं असतं.

राजेश्वरीची नजर रंगूबाईंवर गेली. म्हातारी बदल म्हणून गाडीत बसून आली होती आणि खारीक चघळत होती. चघळतच होती, कारण चावायला तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. राजेश्वरी तिच्या कानाशी लागली.

“माज्या तोंडात किडं काय खात्याल, जीब?” म्हातारी पुटपुटली. मग नातवाकडं बघितलं आणि खारीक थुंकून उठली. पदर गालावरून ओढून घेतला, आणि अशी काही विव्हळली की रांगेतल्या बायांनी वाट करून दिली.

महाराजांनी म्हातारीचं दुखणं बघून तिला आधी घेतलं. धूर झाला, घोंगडं पडलं, उचललं. परात पांढरी झाली होती.

“बगा,” महाराज गरजले, “आजीच्या चार दाढा पोखरून नांदत हुतं. किती वर्सं सोसलं असंल माउलीनं.”

रंगूबाईंनी सावकाश पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. गुलाबी, गुळगुळीत बोळकं.

“म्हाराज,” ती म्हणाली, “कंच्या दाढंतलं म्हनायचं हे?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज सावरले. दात गेले तरी किडा हिरडीत दबा धरून बसतो, असं त्यांनी चटकन सांगितलं आणि काही माना हलल्याही. ती संधी त्यांना मिळू द्यायची नव्हती. राजेश्वरीनं परातीतलं पाणी ओतून नवं भरलं, पिशवीतली चिमूट तेलासकट तवीवर टाकली आणि कुणालाच न वाकवता घोंगडं नुसतं वर पसरलं.

“आता कुणाच्या दाढेतले पडतात बघू.”

घोंगड्याखालून चुर्र आवाज आला. ते उचललं तेव्हा पाण्यावर किडे होते. शेजारी पिवळसर टरफलंही तरंगत होती, फुटलेली. आटपाडीकडच्या एका बाईनं पिशवीतलं बी तळहातावर घेऊन चोळलं. “ही रिंगणीची बी हाय,” ती म्हणाली. “आमच्या माळावर काटं पसरून पडती.”

राजेश्वरीनं एक ‘किडा’ उचलून सगळ्यांसमोर धरला. “मटकीला मोड येतो, तो मुळात बीच्या पोटातच असतो. ह्या बीच्या पोटात कोंब असा वेटोळं घालून असतो. ताव लागला की टरफल फुटतं आणि कोंब उडून पाण्यात पडतो. दाढेत असला किडा नसतोच. अडकलेल्या अन्नावर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात, त्यांनी दाढ किडते.”

आता हशा पिकला. कुणी महाराजांना विचारलं, तुमी तर घर ठिवून बियानं पेरत हुता की. महाराज पिशवी आवळत शेडमागं सरकले.

हसत नव्हता तो अमृत. तो गुडघ्यांवर हात रोवून पुढं वाकला होता, मान ताणून, आणि लाळ सरळ मातीत गळत होती. प्रत्येक श्वासाला घशातून बारीक शीळ येत होती. हळूहळू ती शीळ सगळ्यांना ऐकू आली आणि लोक मागं सरून गाडीपर्यंत वाट करू लागले.

बाळासोंचा चेहरा राखेसारखा झाला. “पोरी, गाडीत बस,” एवढंच म्हणाले.

गळिताचे दिवस. सांगलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, जाग्यावर थांबलेल्या. अमृतला आडवं होता येईना, पडला की श्वास बंद. राजेश्वरीनं त्याला बसतं धरलं होतं, शिवांजली रंगूबाईंच्या मांडीवर. बाळासो खाली उतरले, रस्त्याच्या मधोमध हात वर करून ट्रॅक्टर मागं घ्यायला लावत गाडीपुढं पळत राहिले.

डॉक्टर राजनंदिनींनी एकदाच बोट लावून बघितलं. सूज गळ्यात उतरून श्वासाची वाट दाबत होती. जवळच्या मोठ्या दवाखान्यात त्यांनी आधी नळी घालून श्वास मोकळा करवला, मग हनुवटीखाली चीर देऊन पू काढला. घरची माणसं बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दार उघडल्यावर बाळासोंनी विचारलं ते भलतंच, “दाढ काढली तर पोरगं नापास हुईल का, बाई?”

“एक अक्कलदाढ गेली म्हणून सहसा कुणी नापास होत नाही,” त्या म्हणाल्या. “आणखी तासभर उशीर केला असता, तर हा प्रश्न विचारायलाही तुम्ही आला नसता.”

पुढं सूज उतरल्यावर दाढ काढली. अमृतला तेव्हा बाईंनी नीट समजावलं. सगळ्यांच्याच अक्कलदाढा काढायच्या नसतात. सरळ उगवलेली, ब्रश पोचतो ती खुशाल राहू द्यावी. आडवी अडकलेली, हिरडी वारंवार सुजवणारी, शेजारच्या दाढेला किडवणारी, ती मात्र काढावी, आणि तीही शक्यतो तरुणपणी. त्या सालची भरती हुकली. हनुवटीखाली व्रण राहिला. अमृत पुन्हा पहाटे पळायला जातो, आणि परत आला की राजेश्वरी दारातच त्याचा गळा बघते.

चिंचेखालचं शेड आता रिकामं आहे. घोंगडं मात्र शिराळ्याच्या बाजूला कुठंतरी पुन्हा पसरलंय, असं कानावर येतं. रिंगणीला पाणी घालावं लागत नाही, ती कुठंही उगवते.

म्हणून राजेश्वरी भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं मानू नका, घोंगडं उचलून बघा. आणि आज घरी जेवायला बसाल तेव्हा विशी-पंचविशीतलं पोर असेल, तर त्याच्याकडं नजर टाका. एकाच बाजूनं चावतंय का, गाल जड दिसतोय का, कण्हणं गिळतंय का. “तीन बोटं उभी तोंडात मावतात का रे?” एवढं विचारा. नाही म्हणालं, तर ताट झाकून ठेवा आणि डॉक्टरकडं निघा.