तपासणीच्या खोलीतला पंखा

“दिपेश, तो जरा बंद कर रे,” हिरीच्या पोटावरची नळी न उचलताच पुष्पा सिस्टर म्हणाल्या.

“बंद केला तर परत चालू होईल याची गॅरंटी नाय, सिस्टर. महिन्याचा रिपोर्ट आजच पाठवायचाय,” पडद्याआडून कॉम्प्युटरवर बसलेल्या दिपेशचा आवाज आला.

कॉम्प्युटरच्या डब्यामागचा पंखा नाचणी भरडल्यासारखा घरघरत होता. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या या छोट्या दवाखान्यात इन्व्हर्टरची लाईन एकाच खोलीत होती. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात वापरून झालेला तो कॉम्प्युटर इथेच आला. मध्ये पडदा लावला, पण पडद्याने आवाज थोडाच अडतो?

सिस्टरांनी बाळाचे ठोके ऐकायची ॲल्युमिनियमची नळी डावीकडे सरकवली, मग खाली. नुसती घरघर. हिरीला आठवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तिचं बाळ पोटातच गेलं होतं. ती नळीकडे पाहत नव्हती, सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

“काय जालां, बाय?”

“काही नाही गं. मशीनचा गोंगाट आहे. बाळ बरं आहे.”

बोलून गेल्यावर सिस्टरांचा हात थबकला. ठोके न ऐकता त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत, वावर गावात कुपोषणाने पोरं गेली त्या वाईट सालीसुद्धा नाही.

हिरीला जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर जीप तीन वाजल्याशिवाय येणार नव्हती. तिला व्हरांड्यात बसवून त्यांनी शायस्ताला हाक मारली. शायस्ता आठ महिन्यांपूर्वीच इथे नर्स म्हणून रुजू झाली होती. तिचे वडील लतीफभाई जव्हारला शिलाई मशीन आणि टेबलफॅन दुरुस्त करायचे.

“तुझे अब्बा येतील का गं?”

“येतील की. फोन करते.”

लतीफभाई बाराच्या एसटीने आले. त्यांनी आधी भिंतीतली पिन काढली आणि स्टुलावर बसून राहिले.

“उघडा ना चाचा,” दिपेश घाईला आला होता.

“आतला करंट मरू दे बाबा. तोवर चहा सांग.”

चहा संपल्यावर त्यांनी डबा उघडला, आतली पत्र्याची पेटी बाहेर काढली आणि तिचे स्क्रू सोडवले. पंख्याच्या पात्यांवर तांबड्या धुळीचा जाड थर होता. लतीफभाईंनी तो रंगाच्या ब्रशने हळूहळू झाडला. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद नखाने उचलला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला.

“सुकून गेला होता बिचारा. वर पत्र्यावर थडथडत होता,” ते म्हणाले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार छोटे तुकडे कापून त्यांनी पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये बसवले, तसेच चार डब्याखाली ठेवले.

दिपेशने हात जोडून बटण दाबलं. स्क्रीन उजळला. पंखा फिरत होता, पण ते फक्त मागे हात धरल्यावर कळत होतं. खोली इतकी शांत झाली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक दिपेशला पहिल्यांदा ऐकू आली.

“किती आवाज करतंय हे घड्याळ!” तो हसत म्हणाला.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांना टिकटिक ऐकू आली नव्हती.

पुरुषांना बाहेर पाठवून त्यांनी हिरीला पुन्हा झोपवलं आणि नळीला कान लावला. काहीच नाही. दुसरा कान लावला. लांबून काहीतरी धडधडत होतं. त्यांनी स्वतःची नाडी धरून पाहिली. ती त्यांचीच धडधड होती.

दिवाळीपासून त्या पंख्याला दोष देत होत्या. घरी त्या टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून सून कुरकुरायची, तेव्हा तिलाही त्यांनी गप्प केलं होतं. हिरी डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघत होती. सिस्टर हळूच सरळ झाल्या आणि त्यांनी नळी पुढे केली.

“शायस्ता, तू ऐक.”

“मी? सिस्टर, तुम्ही असताना...”

“माझ्या कानांना आता येत नाही गं ऐकू,” त्या हिरीसमोरच म्हणाल्या. “ऐक तू. घाई करू नकोस.”

शायस्ता वाकली. तिने डोळे मिटले. बराच वेळ ती हललीच नाही. मग टेबलाच्या कडेवर ठेवलेलं तिचं बोट आपोआप वर-खाली होऊ लागलं, भरभर, एका लयीत.

“आहे,” ती डोळे न उघडता पुटपुटली. “सिस्टर, आहे! काय पळतंय!”

हिरीने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलायला लागले.

“रडू नको गं, पोट हलतंय. तिला मोजू दे,” सिस्टर म्हणाल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत टेबलाशी खाली बसल्या. त्यांनी शायस्ताच्या बोटाखाली आपला तळहात उघडून धरला.

“इथे वाजव,” त्या म्हणाल्या.

शायस्ता वाजवत राहिली. एक मिनिट होऊन गेलं, तरी सिस्टरांनी हात काढला नाही.