ओलं वेगळं, सुकं वेगळं

सुरतेला प्लेग आला आणि आमच्या साहेबलोकांना कचरा दिसायला लागला. तोवर तो फक्त आम्हालाच दिसायचा. मी तेव्हा पालिकेत मुकादम होतो. नाव गुणाजी, पण त्या नावाने घरचेच हाक मारायचे. बाकी जगाला मी मुकादम. माझे वडील कचऱ्याच्या बैलगाडीवर होते, मी ट्रकवर आलो. एका पिढीत एवढीच काय ती प्रगती.

खाडीकाठच्या चार पालिका, नावं घेत नाही, एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. जिने तिने आपला कचरा आपल्या हद्दीच्या टोकाला नेऊन टाकायचा, म्हणजे वास शेजारणीला. आपला तो बाब्या, तसा आपला तो कचरा आणि दुसऱ्याची ती घाण. प्लेगच्या भीतीने मात्र चौघी एकत्र बसल्या. समिती झाली. ठाण्याला बैठका व्हायच्या आणि फायली उचलायला मला नेत.

बेत चांगला होता, ते मी आजही नाकारत नाही. चौघींनी मिळून आंबिवलीच्या बाजूला एकच खताचा कारखाना काढायचा. ओल्या कचऱ्याचं खत करायचं, सुका भंगारात द्यायचा, मग डंपिंगला नवी जागाच लागणार नाही. त्याआधी दोन महिने छोटा प्रयोग करून बघायचा. तो फसलाच तर दुसरा कागद तयार होता. कोळीवाड्यालगतच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येतं त्या सखल जागेत, चारही गावांचा कचरा ओतायचा. डब्यांना रंग कोणता द्यावा यावर समितीच्या दोन बैठका गेल्या. खाजणावर दहा मिनिटांत एकमत झालं.

कागदावर ते खाजण मोकळं होतं. प्रत्यक्षात तिथल्या उंचवट्यावर कोळणी मासळी वाळवायच्या. वीस-पंचवीस घरांचा तो वाडा. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून ताजी मासळी निम्म्यावर आली होती, त्यामुळे उन्हात वाळवलेली सुकट आणि खारवलेली बोयटं यांच्यावरच पोट चालायचं. तो उंचवटा गेला की वाडा उठलाच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. समितीत शेंबडं पोर नव्हतं.

म्हणून मीच साहेबांना सुचवलं, की डोंबिवलीतल्या तीन सोसायट्यांबरोबर प्रयोगात कोळीवाडाही घ्या. ज्यांचं जळतं तेच झटून करतील. समितीचे सचिव देवस्थळी साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले की मुकादम, सूचना उत्तम आहे, जबाबदारी तुमची. मला बरं वाटलं. अशी शाबासकी आमच्या वाट्याला कितीदा येते?

कोळीवाड्यात सगळा कारभार जाईबाईचा. साठीची विधवा, आवाज असा की दोन होड्या पलीकडच्याला ऐकू जावा. तिचा शब्द बायका मोडत नसत. मी तिला मावशी म्हणायचो. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा तिने मला ओटीवर नाही, आत बसवलं आणि घरच्या पेल्यात चहा दिला. आमच्या लोकांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, त्या लक्षात राहतात. तो चहा पिऊन मी शब्द दिला की मावशी, हे नीट पार पडलं तर तुमच्या खाजणाला कुणी हात लावणार नाही.

मग बायकांना गोळा करून दोन डबे दाखवले. हिरव्यात ओलं टाकायचं, निळ्यात सुकं. ओलं वेगळं, सुकं वेगळं. त्याचं पालिका खत करणार. दोनदा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. काही शंका आहे का, असंही विचारलं. जाईबाई हसून म्हणाली की ओलं-सुकं आम्हाला तू शिकवणार? सगळ्या हसल्या, मीही हसलो.

त्या हसण्यातच सगळं होतं आणि मला ऐकू आलं नाही.

पुढचे दोन महिने कोळीवाड्याइतकं चोख काम कुणी केलं नाही. सोसायट्यांतली शिकलेली माणसं भाजीच्या देठांत दाढीची पाती टाकायची आणि आम्हालाच नियम ऐकवायची. कोळीवाड्यात टेंपो जायच्या आधी डबे भरून तयार. हिरव्या डब्यात खवले, डोकी, कोलंबीची टरफलं. सुक्याच्या गोण्या तर तोंड शिवून ठेवलेल्या असत. ओल्याचा ढीग आम्ही ठाकुर्लीच्या शेडमध्ये रचून त्याचं खत करत होतो. सुक्याच्या गोण्या समितीला एकदम दाखवायच्या म्हणून त्याच शेडच्या मागच्या भिंतीला थप्पीला लावत होतो. एकही गोणी मी उघडली नाही. सुकटीचा वास यायचा, पण कोळीवाड्यातून आलेल्या गोणीला तो येणारच, असं मी स्वतःला सांगितलं. वाड्याच्या काठावर प्लास्टिक आणि चिंध्या पूर्वीसारख्याच पडलेल्या दिसायच्या. जुना कचरा असेल म्हणून त्याकडेही मी बघितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी समिती आली. चार पालिकांचे आठ अधिकारी, नाकाला रुमाल. खत हातात घेतलं तर ते खरोखर खत झालं होतं, काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. देवस्थळी साहेबांनी ते चिमटीत धरून इतरांना दाखवलं. मग त्यांनी सुकं दाखवा म्हणून सांगितलं. सोसायट्यांच्या गोण्यांतून रद्दी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या निघाल्या. मग मी ऐटीत कोळीवाड्याच्या थप्पीतली खालची गोणी ओढली.

ती मागून कुरतडलेली होती. आतून सुकट सांडली, खारवलेली मासळी सांडली, त्यात अळ्या वळवळत होत्या, आणि पाठोपाठ मांजराएवढी घूस बाहेर पडून एका अधिकाऱ्याच्या बुटांवरून गेली. प्लेगचं वर्ष होतं. आठही जण एका दमात शेडबाहेर गेले.

बाहेर उन्हात साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “मुकादम, या लोकांना तुम्ही समजावून सांगितलं होतं का?”

“हो साहेब,” मी म्हणालो. “दोनदा.”

त्यांनी तिथेच लिहिलं की स्थानिक लोकांत वर्गीकरणाची समज नाही, प्रयोग अयशस्वी. चौघींच्या सह्या लगेच झाल्या. एवढी एकी मी आधी कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन बायकोला, मालूला, सगळं सांगितलं. कोळणींच्या नावाने खडे फोडले, सुकं म्हटल्यावर मासळी कुणी भरतं का, म्हणून बडबडलो. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिने माझ्याकडे बघितलं.

“अहो, सकाळी जाताना तुम्ही मला काय विचारलंत?” ती म्हणाली. “रात्रीला सुकं काय आहे, असंच ना?”

मी तसं विचारलं होतं. रोजच विचारायचो. आमच्या चाळीतसुद्धा सुकं म्हणजे सुकट नाहीतर बोंबील, दुसरं काही नाही. मग ज्यांचा जन्मच त्या धंद्यात गेला त्यांनी काय समजावं? ओली मासळी हिरव्यात, सुकी मासळी निळ्यात. बाकीचा तो केर, त्याच्याबद्दल मी काही बोललोच नव्हतो. आणि खत म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली असणार, कारण सुक्या मासळीचं खत नारळाला घालतात हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. डब्यांवरचं ‘ओला कचरा, सुका कचरा’ हे अक्षर वाचणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांना वाचून दाखवायला मी होतो, आणि त्यातला कचरा मी गाळला होता. मला माझीच चीड आली, खरं तर शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. चूक माझी आहे, लोकांनी सांगितलं ते अक्षरशः केलं, आणखी एक महिना द्यावा. देवस्थळी साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि शांतपणे घडी घालून मला परत दिला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, “मुकादम, चूक लोकांची असेल तर प्रयोग फसला. चूक तुमची असेल तरी प्रयोग फसलाच, वर तुमची चौकशी लागेल. फाईल पुढे गेली आहे. हा कागद मी घेतलाच नाही असं समजा.”

वरातीमागून घोडं. तरी मी तो कागद आवक खिडकीवर देऊन शिक्का मारून घेऊ शकलो असतो. खिडकी जिन्याच्या खालीच होती. तिथवर गेलो, दोन माणसं पुढे होती, आणि माझा नंबर यायच्या आत मी बाहेर पडलो. मुलीचं कॉलेज होतं, मुकादमाच्या वरची जागा निघणार होती. कारणं माणसाला भरपूर असतात.

कोळीवाड्यात मी फिरकलो नाही. कानावर आलं की बायकांत भांडणं लागली आहेत. कुणी म्हणे रंभाने गोणी नीट शिवली नाही, कुणी म्हणे जयाने ओलसर सुकट भरली म्हणून किडे झाले. एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. मी एका वाक्यात ते मिटवू शकलो असतो.

मार्चमध्ये खाजणावर पहिली गाडी गेली. गाड्या उलट्या घेताना शिट्टी मारून वाट दाखवायचं काम मुकादमाचं, म्हणून मला जावंच लागलं. बायका आदल्या दिवशीच मासळी वाळवायच्या आपल्या मांडण्या सोडून बांबू घेऊन गेल्या होत्या. उंचवट्यावर एकटी जाईबाई उभी होती. शिव्या देईल असं वाटलं होतं, मी त्या तयारीनेच गेलो होतो. ती जवळ आली आणि तिचा तो आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

“मुकादम, आमचा चुकला कया, ता कोनी सांगत नाय,” ती म्हणाली. “आता तरी सांग रं. सुका म्हंजे तुमाला काय पायजे व्हता?”

मी सांगितलं. कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे.

तिने काठावर पडलेल्या पिशव्यांकडे बघितलं. “त्यो तं केर,” ती म्हणाली.

“हो मावशी. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी होती.”

“केर मांगतला असतास तं केर दिला असता,” जाईबाई म्हणाली. “गोनी कमती परू नये म्हनून आमी घरातली खायाची सुकट भरली. पोरांच्या तोंडातली.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. जाईबाई बाजूला झाली. मी शिट्टी तोंडात धरली आणि गाडीला वाट दाखवली.