अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही

बँकेचं पत्र मंगळवारी आलं आणि मी ते एका हातानं वाचलं, कारण दुसऱ्या हातावर लेक होती. सात महिन्यांची, दात येऊ घातलेली, आणि घरात आलेला प्रत्येक कागद आपल्याच नावचा आहे अशी पक्की खात्री असलेली. त्यामुळे ‘आपला क्रेडिट कार्डाचा अर्ज मंजूर करता येत नाही, याचा खेद वाटतो’ एवढं वाचून होईपर्यंत खेदाचा कोपरा तिच्या तोंडात गेला होता.

कोपरा ओढून काढला. खाली कारणं दिली होती, आणि तीही तीन. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. उत्पन्नाचा स्रोत आढळला नाही. अल्प काळात अनेक ठिकाणी अर्ज केलेले दिसतात.

मी पत्त्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. दोरीवर चौदा लंगोट वाळत होते. सकाळचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. एका पायानं मी खुळखुळा ढकलत होते. इथे मी राहत नसेन, तर जी कोणी राहते तिची मला फार दया आली.

कार्ड हवं होतं ते ओव्हरलॉक मशीनसाठी. मी शिवते. साधं मशीन माझ्याकडे आहे, पण कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून जी साखळीसारखी टीप घालावी लागते, ती त्यावर होत नाही. तेवढ्यासाठी दर वेळी सगळा गठ्ठा उचलून कोपऱ्यावरच्या मास्टरकडे न्यायचा. मास्टर दोन दिवस लावतो, वर ऐकवतो, “काय ताई, बाळ झोपलं वाटतं? आमची आठवण आली!” आता पाळणाघराच्या बाईंनी साठ एप्रन सांगितले होते, पंधरा दिवसांत. मास्टरच्या भरवशावर साठ एप्रन म्हणजे लेक शाळेत जाईपर्यंतचं काम. मशीनच्या दुकानात बिनव्याजी हप्ते होते, पण फक्त कार्डावर, आणि फक्त शनिवारपर्यंत. नवऱ्याचं कार्ड फ्रिज आणि बाळंतपण यांनी आधीच गच्च भरलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला माझ्या नावाचंच हवं होतं.

संध्याकाळी नवरा आला तशी मी पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याने पहिली दोन कारणं सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारली आणि त्याचा चेहरा पडला.

“अगं, ते मी केलं असेल.”

“काय केलंस?”

“तू म्हणालीस ना, अर्ज टाकलाय, होईल की नाही कुणास ठाऊक. तर मी तुझ्या फोनवरून आणखी चार बँकांत टाकून दिला. म्हटलं एक नाही तर दुसरी.”

“अरे, नोकरी शोधतोयस का माझ्यासाठी?”

“मदत केली.”

“आता परत करू नकोस हं, प्लीज.”

तो गुपचूप लेकीला घेऊन गॅलरीत गेला. पहिलं कारण मात्र तसंच उभं होतं. मी राहत नाही असं बँकेला सांगितलं कोणी? माझा फोन बाळाच्या झोपेपायी दिवसभर मुका असतो, म्हणून अर्जात घरचा नंबर म्हणून सासूबाईंचा दिला होता. आणि हे आठवल्याबरोबर माझं लक्ष फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे गेलं.

सासूबाई तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, शेवटची दहा वर्षं वॉर्डच्या मुख्य. जे लेखी असेल ते करायचं आणि जे केलं ते लिहून ठेवायचं, हा त्यांचा स्वभावच होऊन गेलाय. मागच्या वर्षी कोणा भामट्यानं बँकेतून बोलतोय सांगून त्यांची पेन्शन जवळपास लांबवलीच होती. तेव्हा मीच मोठ्या अक्षरांत सूचना लिहून लावली होती. ‘बँकेतून फोन आला तर घरातल्या कोणाचीही काहीही माहिती द्यायची नाही.’ ‘कोणाचीही’च्या खाली दोन रेघा. माझ्याच हातच्या.

“आई,” मी विचारलं, “गेल्या आठवड्यात बँकेतून फोन आला होता का हो?”

“एक? तीन आले!” त्यांनी उशीखालून वही काढली आणि चष्मा चढवला. “सोमवार, अकरा चाळीस. पुरुष. आवाज गोड. तुझी चौकशी. सांगितलं, अशी कोणी इथे राहत नाही. बुधवार, चार दहा. तोच माणूस. राहत नाही, राहत नव्हती, राहणारही नाही. शुक्रवार, साडेदहा. आवाजात चिडचिड. म्हणाला, मग तुमच्या मुलाची बायको कुठे राहते? सांगितलं, माझ्या मुलाचं लग्नच झालेलं नाही.”

गॅलरीतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं.

“तुला बरं वाटतंय वाटतं?” मी ओरडले.

“चांगला चिवट होता भामटा,” सासूबाई वही मिटत म्हणाल्या. “पण माझ्याकडून एक अक्षर नाही काढू शकला.”

मी तो भामटा कोण होता ते सांगितलं. त्यांनी वही पुन्हा उघडून तिन्ही नोंदी वाचल्या. मग म्हणाल्या, “सूचनेत अपवाद लिहिलेला नव्हता.” आणि थोड्या वेळानं, हळूच, “मशीन शनिवारपर्यंतच आहे ना गं?”

बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आम्ही तिघी बँकेत हजर. मी, कडेवर लेक, आणि वही घेतलेल्या सासूबाई. टेबलामागे बसलेली अधिकारी मुलगी माझ्याहून लहानच असेल. सर्दीनं बेजार होती, दर दोन वाक्यांनी रुमाल. तिनं सासूबाईंची वही वाचली, शुक्रवारच्या नोंदीपाशी आली आणि हसताना तिला असा ठसका लागला की शिपाई पाणी घेऊन धावला.

“पुन्हा फोन करायला लावते,” डोळे पुसत ती म्हणाली. “उद्या येईल. या वेळी तुमच्या मुलाचं लग्न करून टाका, आजी. आणि चार बाकीचे अर्ज, त्याचं असं आहे, एकदम पाच ठिकाणी मागितलं की आम्हाला वाटतं माणूस अडचणीत आहे. ते काही महिन्यांनी आपोआप मागे पडेल. फार तर मर्यादा कमी मिळेल. पण हे दुसरं कारण मला कळत नाही.” तिनं पडदा माझ्याकडे वळवला. “तुमच्या खात्यात दर महिन्याला पैसे जमा होताना दिसतात.”

“शिवणाचे.”

“मग व्यवसायाच्या जागी हे काय लिहिलंय?”

मी बघितलं. माझाच अर्ज. लेक मांडीवर असताना, एका बोटानं भरलेला. व्यवसाय: काही नाही, घरीच असते.

कोणी मदत केली नव्हती, कोणी सूचना लावली नव्हती. हे मी एकटीनं केलं होतं. आणि भरताना क्षणभरही हात थांबला नव्हता, हे मला जास्त लागलं. लोक रस्त्यात भेटतात, “सध्या काय करतेस?” विचारतात, आणि मी हेच तर सांगते. टाचणी ओठांत धरून बोलावं तसं, घाईघाईत.

“बदलता येईल?” मी विचारलं.

“सांगा ना, काय लिहू?”

“शिवणकाम,” मी म्हटलं. मग वाटलं, ओठांत टाचणी आहेच अजून. “स्वतःचं शिवणकाम.”

तिनं टाइप केलं, शिंकली, आणि म्हणाली, मंजुरी मिळालीच तर कार्ड घरी यायला आठवडा लागेल, पण नंबर फोनवर लगेच दिसेल.

गुरुवारी आम्ही फोनची वाट बघत बसलो. सासूबाई सकाळपासून खुर्चीत ताठ. फ्रिजवरच्या कागदावर त्यांच्या आग्रहाखातर मी खाली ‘अपवाद: गुरुवार’ असं लिहून दिलं होतं. साडेबाराला फोन वाजला.

“बँकेतून बोलतोय,” तो गोड आवाज. स्पीकर चालू होता.

“कशावरून?” सासूबाई.

मी कपाळावर हात मारला. “आई!” मी ओठ हलवले. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. नर्सिंगच्या तीस वर्षांत ह्या हातानं डॉक्टरांनाही गप्प केलं असणार.

“काल आम्ही तुमच्या ज्या बाईंशी बोललो,” त्या म्हणाल्या, “त्यांना काय होतंय ते सांगा. मग पुढे बोलू.”

शनिवार, मशीन, साठ एप्रन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एका रांगेत बाहेर चाललं होतं.

“सर्दी झालीये,” तो माणूस शेवटी म्हणाला. “अख्ख्या शाखेला दिलीये त्यांनी.”

“वाफ घ्यायला सांगा. दिवसातून तीनदा. हं, आता विचारा.”

“अर्जदार या पत्त्यावर राहतात?”

“राहते. माझी सून आहे. तीन वर्षं झाली, मुलाशी रीतसर लग्न होऊन.”

“काय करतात त्या?”

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शिवते म्हणतील आणि संपवतील.

“लिहून घेताय ना? शिवते. घरातले पडदे तिचे. समोरच्या मुलीनं नोकरीच्या पहिल्या दिवशी घातलेला कोट तिचा. माझ्या अंगावर आत्ता आहे तो झगा तिचा, आणि त्याला खिसे आहेत, नीट खोल. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारून खिसे दिलेत. बाळ दोन तास झोपतं, त्या दोन तासांत ती जे काम उरकते ते माझ्या वॉर्डात तिघी जणी मिळून उरकत नव्हत्या. पाळणाघराचे साठ एप्रन घेतलेत अंगावर. आणखी काय हवंय?”

“एवढं पुरे, आजी.”

“मग ठेवा. बाळ उठेल.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलाच कप पुन्हा धुतला. तीन वर्षांत त्या माझ्यापाशी यातलं अवाक्षरही बोलल्या नव्हत्या. खिशांबद्दल तर “खोल झालेत जरा” एवढंच म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी मंजुरी आली. मर्यादा मागितली त्याच्या निम्मी. नव्या मशीनला पुरेना. शनिवारी दुकानदारानं डोकं खाजवलं आणि गिऱ्हाइकांना चालवून दाखवायला ठेवलेलं मशीन पुढे केलं. झाकणावर ओरखडा, किंमत बरीच उतरलेली. मी चिंधीवर टीप घालून बघितली. कड सरळ, ताण सारखा. फोनवरून माझ्या नावचा नंबर त्याला वाचून दाखवताना मी मधला एक आकडा चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

रविवारी दुपारी पहिला एप्रन उतरला. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, खिडकीपाशी नेला, चारही कडांवरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्याला जोर लावून ओढून पाहिला. काही सुटलं नाही.

घडी घालून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

“दुसरा दे,” त्या म्हणाल्या.