गिरणीतली कॉफी

"चला की आत! दारातच किती येळ उभं राहायचं?" दानम्मानं नवऱ्याच्या पाठीला हळूच हात लावला.

गुरुपादप्पा हलले नाहीत. गळ्याभोवतीचा रुमाल त्यांनी पुन्हा नीट केला. रुमालाखाली बोटभर छिद्र होतं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं होतं. तेव्हापासून श्वास त्या छिद्रातून चालायचा, आणि आवाज नव्हता.

एकतीस वर्षं ते लातूरच्या एसटी स्टँडावर गाड्या पुकारत. खिडकीआड बसून माइकवर बोलणाऱ्याचा चेहरा कुणी पाहत नाही, पण आवाज गावोगाव ठाऊक होता. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, आवाज गेला आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. एकदाच टपरीवर गेले होते. खुणेनं चहा मागितला, तर टपरीवाला त्यांच्या कानाशी येऊन ओरडला, "काय पायजे काका? चाऽऽहा?" बोलता येत नाही म्हटलं की लोकांना वाटायचं, याला ऐकूही येत नसणार. सगळे वळून बघायला लागले. ते चहा न घेताच परत आले.

आज दानम्मानं ओढून आणलं होतं ते गल्लीच्या टोकाला, जुन्या पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला वारल्यावर त्याच्या मुलीनं, ऋतुजानं, तिथं कॉफीचं दुकान काढलं होतं. दळण ओतायचं पत्र्याचं मोठं नरसाळं तिनं तसंच ठेवून त्यात मनीप्लँट लावला होता. एकसारख्या दोन खुर्च्या काही तिथं नव्हत्या. एक सलूनमधली फिरती खुर्ची, एक बंद पडलेल्या टॉकीजमधली, बाकी शाळेचे बाक. आणि दारावर निळ्या रंगात लिहिलेलं : 'मालकिणीला ऐकू येत नाही. पाटीवर लिहा. घाई असल्यास समोर चहा मिळतो.'

गुरुपादप्पांनी ते दोनदा वाचलं. मग आत गेले.

आत क्लासची पोरं-पोरी बसली होती आणि प्रत्येकापुढं पाटी होती. एकीनं लिहिलं होतं, 'साखर कमी, फिजिक्स नको.' ऋतुजा हसत ती पाटी घेऊन गेली. येताना तिनं यांच्यापुढं एक कोरी पाटी ठेवली. गुरुपादप्पांनी लिहिलं, 'दोन कॉफी.' थोड्या वेळानं दोन कॉफी आल्या. बस्स, एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी गळ्याकडं पाहिलं नाही. कप रिकामा झाल्यावर त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'उद्या किती वाजता उघडता?'

त्यानंतर ते रोज चारला जाऊ लागले. सलूनची खुर्ची त्यांचीच झाली. ऋतुजाशी पाटीवर गप्पा व्हायच्या. ऊन, वीज, रतिबाचं नासलेलं दूध. आपण काय करायचो ते मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. दानम्मा गुरुवारी सोबत यायची.

अशाच एका गुरुवारी चाकूरकडचे एक आजोबा, अण्णाराव, आत शिरले. नात क्लासला गेलेली, सुटायला तासभर होता. दारावरचं काही न बघता ते थेट ऋतुजाला म्हणाले, "ताई, कडक कॉफी दे बरं. गोड."

ऋतुजानं पाटी पुढं केली.

अण्णाराव संकोचले. "मला लिवता येत न्हाई गं." ती नुसतीच त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. मिशा दाट होत्या, तिला काही कळेना.

गुरुपादप्पा उठले. त्यांनी पाटी घेतली, 'कडक, गोड' लिहून तिच्या हातात दिली आणि अण्णारावांना शेजारच्या बाकावर बसायची खूण केली.

"लई उपकार झाले, साहेब," अण्णाराव बसत म्हणाले. समोरचा माणूस बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण आवाज काही त्यांनी चढवला नाही. "असंच हाय बघा. लिवता-वाचता येत न्हाई, म्हणून मी जन्मभर कानावरच परवास केला. गाडीची पाटी कुठं वाचता येती मला? स्टँडावर पहिलं एक जण पुकारायचा. 'चाकूर मार्गे अहमदपूर, फलाट सहा.' काय आवाज हो त्याचा! कधी चुकीच्या गाडीत बसलो न्हाई. आता दुसरंच कोन तरी पुकारतंय, मला समजतच न्हाई. सकाळी तर उदगीरच्या गाडीत बसलो होतो! तो बाबा कुठं गेला कोन जाणे. हाय का न्हाई, तेबी ठाव न्हाई."

दानम्मानं मान खाली घातली.

कॉफी ठेवता ठेवता ऋतुजानं नवरा-बायकोचे चेहरे पाहिले आणि पाटीवर विचारलं, 'काय म्हणतात?'

गुरुपादप्पांनी पेन्सिल घेतली. मग लिहिलं, 'स्टँडवरच्या आवाजाबद्दल म्हणताहेत. तो आवाज माझा होता.'

आपल्या आवाजाबद्दल 'होता' हा शब्द त्यांनी तोवर कुठंच लिहिला नव्हता.

ऋतुजानं ते वाचलं. ती जन्मापासूनची बहिरी. तिनं खाली लिहिलं, 'कसा होता?'

'जाड' लिहावं? 'खणखणीत'? जिनं कधी भांडं पडलेलंही ऐकलं नाही, तिला त्या शब्दांतून काय कळणार? त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली आणि शेवटी खाली ठेवली.

दानम्मानं पाटी आपल्याकडं ओढली. ती चौथीपर्यंत शिकलेली. लिहायची वेळ वर्षात एखाद्या वेळी यायची. पाटी मांडीवर घेऊन, एकेक अक्षर ओठात म्हणत तिनं सावकाश लिहिलं. काना द्यायचा राहिला, तो परत जाऊन दिला. मग पाटी ऋतुजाकडं फिरवली. गुरुपादप्पांनाही ती वाचता आली.

'ह्यानी गावाचं नाव घेतलं की त्या गावाला जावं वाटायचं.'

ऋतुजा पाटीकडं बघत राहिली. मग गुरुपादप्पांकडं.

"काय लिवलं हो बाई?" अण्णारावांनी बशीत कॉफी ओतत विचारलं.

"काय न्हाई," दानम्मा पदर सावरत म्हणाली. "अजून दोन कॉफी सांगितल्या."

दानम्माच्या ओठांवरून 'कॉफी' एवढं ऋतुजाला कळलं. नवी ऑर्डर लिहून घ्यायला तिनं पाटी पुसायचं ओलं फडकं उचललं. गुरुपादप्पांनी पाटीवर तळहात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. ती हसली, फडकं खांद्यावर टाकलं आणि दुसरी पाटी आणायला आत गेली.