बदक, टरबूज, बाण

मुंगीला वाचता येत नाही, हे तिच्या आईला कळलं ते एका अंगठ्यामुळे.

पहिलीचं पुस्तक मुंगी घडाघडा वाचायची. इतकी घडाघडा, की पान उलटायच्या आत पुढच्या पानावरचं वाक्य तिच्या तोंडातून बाहेर. शंका तेव्हाच यायला हवी होती. पण आपलं लेकरू वाचतंय म्हटल्यावर आईबापांची अक्कल चरायला जाते. त्या संध्याकाळी पुस्तक धरताना आईचा अंगठा चित्रावर आला आणि मुंगीची गाडी जागच्या जागी थांबली.

"अंगठा काढ ना. दिसत नाहीये."

अक्षरं तर उघडीच आहेत की, आई म्हणाली.

"अक्षरं नकोत. बदक दिसत नाहीये."

आई शिलाईच्या कारखान्यात काजवाली होती. दिवसभर शर्टांना काजं करायची आणि बटणं लावायची. घरात काळ्या अस्तराचा एक तुकडा होता आणि कापडावर खुणा करायचा चपटा खडू. तिने अस्तर जमिनीवर पसरलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'बटण' लिहिलं आणि वाच म्हणाली. मुंगीने एकेका अक्षरावर बोट ठेवलं आणि मान डोलावत म्हटलं, "बदक, टरबूज, बाण."

पोरगी चेष्टा करत नव्हती. शाळेत जे शिकवलं ते तिने चोख केलं होतं. ब बदकाचा, ट टरबुजाचा, ण बाणाचा. बदक आणि टरबूज बाजूला केलं की खाली आवाज उरतो आणि तो आवाजच खरा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आठवडाभरात शाळेतून निरोप आला. वर्गाच्या बाईंनी काजवालीला व्हरांड्यात उभ्याउभ्याच सांगितलं, की तुमची मुलगी कच्ची आहे. महिन्याने मोठ्या बाईंसमोर तोंडी परीक्षा होईल, नाही जमलं तर कच्च्या तुकडीत. कच्ची तुकडी म्हणजे भांडारघराला लागून असलेली खोली. तिथे मोडके बाक जायचे आणि मोडकी म्हणून ठरवलेली पोरं. बाक कधीमधी दुरुस्त होऊन परत यायचे. पोर परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

काजवाली म्हणाली, मी घरी घेते तिचा अभ्यास. बाईंनी हात हलवला. घरी काही शिकवू नका, पालक भलतंच शिकवतात आणि मग आम्हाला निस्तरावं लागतं. तुमचं शिक्षण किती?

"चौथी."

"मग राहू दे."

हे तीन शब्द काजवालीने घरापर्यंत चावत नेले.

कारण चौथीपर्यंत तीही अशीच बदकं आणि टरबुजं म्हणत पास झाली होती. सुरात सूर मिसळला की पास. वाचायला ती शिकली एकोणिसाव्या वर्षी, कारखान्यात, मास्तरांच्या मापाच्या चिठ्ठ्यांवरून. चिठ्ठीवर रोज तेच शब्द, छाती, कंबर, बाही, उंची, बटण, आणि मास्तर ते मोठ्याने म्हणत कात्री चालवायचे. तिच्या लक्षात आलं, की बाही म्हणताना ओठ मिटतात आणि बटण म्हणतानाही मिटतात, आणि दोन्हींच्या तोंडाशी तोच पोटात तिरकी रेघ असलेला गोळा. मग कंबरेतही तो सापडला. त्या दिवशी तिने तीन काजं वाकडी केली, मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या, आणि हसत घरी गेली. ब बदकाचा नसतो. ब कुणाच्या बापाचा नसतो. ब म्हणजे मिटलेले ओठ उघडल्याचा आवाज, बस्स.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास अस्तर पसरलं जाऊ लागलं. पहिल्या दिवशी अक्षरं चारच, ब, ट, ण, न. चित्र एकही नाही. ब कुणाच्या बापाचा नसतो, आईने बजावलं. मशीन कसं चालवतात ठाऊक आहे ना, आई म्हणाली, आधी पाय हळू. ब... ट... ण. आता पाय जोरात. मुंगी जोरात म्हणाली आणि तिच्या तोंडातून निघालं, "बटणऽऽअ." शेवटचा सूर लोंबत राहिला. आईने हवेत कात्री चालवली. शेवटच्या अक्षरावर दोरा तोडायचा. मुंगीने तोडला. "बटण." मग तिने आईच्या झग्यावरच्या बटणाकडे पाहिलं, अस्तराकडे पाहिलं, पुन्हा बटणाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एखाद्याची चोरी पकडल्यासारखा भाव होता.

दोन आठवड्यांत नट, बस, मगर, करवत झाली. काना झाला, वेलांट्या झाल्या. अडलं ते च आणि ज पाशी. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा, आणि लिहायचे दोन्ही सारखेच. मुंगी संतापली. दोघांनी एकच गणवेश का घातलाय, मग ओळखायचं कसं. आपण स्वतः कसं ओळखतो याचा काजवालीने मशीनवर बसून दिवसभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, दोन्ही घालून बघायचे. जो अंगाला बसेल तो ठेवायचा.

रविवारी नणंद आली. बारावी शिकलेली, आणि ते विसरू न देणारी. तिने भाचीला क ख ग घ म्हणायला सांगितलं. मुंगी घ पर्यंत गेली आणि पुढे भरकटली. नणंदेने कपाळावर हात मारला. क्रम येत नाही आणि ही म्हणे वाचणार, वहिनी, उद्या तुम्ही शर्टाचं शेवटचं बटण आधी लावाल.

"लावते की, वन्सं. क्रमाने लावलं म्हणून शर्ट अंगाला जास्त बसत नाही."

नवरा मात्र हसला नाही. तो गॅरेजात काम करायचा आणि शाळेचा उंबरठा ओलांडताना आजही चपला बाहेर काढायचा. बाईंनी नको म्हटलंय ना, त्याने हळूच विचारलं, राग मनात धरतील, पोरीवर काढतील. काजवाली खडू पुसत म्हणाली, काढू देत. राग काढतील, अक्षर थोडंच काढून घेता येतंय.

परीक्षेच्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मोठ्या बाईंच्या खोलीत घड्याळ, कपाट, आणि टेबलावर पालथी घातलेली कार्डं. वर्गाच्या बाईंनी पहिलं उलटलं. मुंगीने ओठ हलवले, हळू पाय, जोरात पाय, दोरा तोडला. "नळ." मग "पाटी." मग "करवत." आठ कार्डं झाली. बाईंच्या कागदावर बरोबरच्या खुणा वाढत गेल्या आणि बाईंचं तोंड तसतसं आवळत गेलं. नववं कार्ड आलं, 'जग'.

मुंगी थांबली. दोन्ही ज घालून पाहिले. मग जीभ दातांमागे टेकवून तिने म्हटलं, जगण्यातला जग.

बाईंनी फुली मारली. जग म्हणजे दुनिया, त्या म्हणाल्या, उच्चार चुकला.

काजवालीने हात वर केला, आणि परवानगीची वाट न पाहता बोलली. कार्डावर एकटा शब्द आहे, बाई. दुनिया पण बसते, जग बाबा असा आशीर्वाद पण बसतो. पाण्याचा जग धरला तर तीन झाले. तुम्हाला कुठला हवाय ते कार्डावर लिहिलेलं नाही.

उत्तर एकच असतं, बाई म्हणाल्या, आणि मुलीकडे वळल्या. बरं, सोपं विचारते. ब कशाचा?

"कशाचा नाही," मुंगी म्हणाली. मग आठवून, नीट स्पष्ट शब्दांत, "ब कुणाच्या बापाचा नसतो."

मोठ्या बाईंना ठसका लागला. वर्गाच्या बाई लाल झाल्या. दुसरी फुली पडली. आता मुळाक्षरं क्रमाने म्हण म्हटल्यावर मुंगी ङ पाशी अडखळली, आणि तिसरी. नियमाप्रमाणे तीन फुल्या म्हणजे कच्ची तुकडी, असं सांगून बाईंनी खणातून एक छापील कागद काढला आणि काजवालीपुढे सरकवला. खाली सही करा. वाचायची गरज नाही, सगळ्यांना हाच असतो.

काजवालीने पेन उचललं नाही. तिने कागद उचलला आणि पोरीपुढे धरला. वाच.

मुंगीने टेबलावर कोपरं टेकली. तिचं बोट रेघेवर सरकू लागलं. "स... द... र. सदर. मु-ल-गी. मुलगी." पुढच्या शब्दात च होता. आधी तिने चहाचा घातला, तोंड वाकडं केलं, काढला, चाकाचा घातला. "वाचनात." बोट पुढे सरकलं. "वाचनात अ..." बोट थांबलं.

"आई, हे अक्षर आपण केलेलं नाही."

"क्ष," आई म्हणाली. "क आणि ष एकमेकांत शिवलेत."

"अ-क्ष-म. अक्षम. सदर मुलगी वाचनात अक्षम." तिला ते जमल्याचा आनंद झाला. "अक्षम म्हणजे काय?"

"बाईंना विचार. कागद त्यांचा आहे."

मुंगीने विचारलं. एकदा वर्गाच्या बाईंना आणि मग, उत्तर येईना म्हणून, मोठ्या बाईंना. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद स्वतःकडे ओढून घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि खणात टाकला. म्हणाल्या, ठीक आहे मुंगीच्या आई, मुलगी आपल्याच वर्गात राहील. सहामाहीला परत बघू.

दुसरी कुणी असती तर हात जोडून निघाली असती. नवरा असता तर उलट पावली चपलांपर्यंत गेला असता. काजवाली खुर्चीत बसून राहिली.

"त्या जगवरची फुली खोडा."

वर्गाच्या बाई म्हणाल्या, पेनाची आहे, खोडता येत नाही, आणि आता काय फरक पडतो, राहिली ना वर्गात. काजवाली म्हणाली, बाकीच्या दोन फुल्या राहू देत, क्रम तिला येत नाही हे खरं आहे आणि ब कशाचा याचं भांडण आपण नंतर करू. पण हा शब्द तिने बरोबर वाचलाय. सहामाहीला कुणी हा फुल्यांचा कागद काढला, तर त्यावर खोटं असायला नको. खोडता येत नसेल तर बाजूला लिहा, बरोबर. आणि खाली सही करा.

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. घंटा झाली, व्हरांड्यातून वर्ग धावत गेले, काजवाली हलली नाही. शेवटी बाईंनी पेनाचं टोपण काढलं, फुलीशेजारी बारीक अक्षरात एक शब्द खरडला आणि सही केली.

काजवालीने कागद आपल्याकडे फिरवला, चारही अक्षरं एकेक करून वाचली, आणि मगच उठली.