कवडीचा उपास

देवासात त्या काळी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन कोठ्या. कुठे कुठे तर रस्त्याची एक बाजू एका राजाची आणि समोरची दुसऱ्याची. तात्यासाहेबांचं घर थोरल्या पातीत होतं आणि बरोबर समोर, धाकट्या पातीत, त्यांचे मित्र कृष्णाजी राहत. दोन्ही पातींचं खाऊन कोणाचंच काम न करणारी प्रजा त्या गल्लीत एकच होती. ती म्हणजे तात्यासाहेबांची पांढरी मांजर, कवडी.

सकाळी ती घरी दूधपोळी खाई. मग रस्ता ओलांडून कृष्णाजींच्या ओट्यावर जाई. तिथे रात्रीचं काहीबाही उरलेलं असे, आणि मराठ्यांच्या घरचं उरलेलं म्हणजे पुष्कळदा हाडाला चिकटलेलं मटण. दुपारी तात्यासाहेब पाटावर बसले की ती शेजारी हजर. जेवणाआधी ताटाबाहेर चित्राहुती घालायची, ती खरं म्हणजे भाताच्या चार शितांची. तात्यासाहेबांची चित्राहुती वाढत वाढत लिंबाएवढी झाली होती, आणि तिच्यावर तूप.

"चित्रगुप्ताची भूक वाढलीय वाटतं," अक्का म्हणे.

अक्का ही तात्यासाहेबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, एकवेळ जेवणारी, काडीसारखी बारीक. तात्यासाहेबांची बायको वारल्यापासून घर तिच्याच हाती होतं. कवडी इतकी जड झाली होती की तिला चुलीशेजारच्या फळीवरही उडी मारता येईना. म्हणून लोणी-तूप टांगून ठेवायचं शिंकाळं अक्काने सोडवून माळ्यावर टाकलं होतं आणि तुपाची बरणी खुशाल फळीवर ठेवली होती.

तात्यासाहेबांचंही फारसं वेगळं नव्हतं. त्यांचा जन्म थोरल्या पातीच्या कोठीवर गेला होता. धान्य येताजाता त्यांच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढे, आणि ते गादीवर बसून पाहत. पेन्शन झाली, गादी घरी आली, बसणं तेच राहिलं. त्यांचा एक नेम मात्र कधी चुकला नव्हता. नवरात्रात अष्टमीला देवीची टेकडी पायी चढायची. गेल्या अश्विनात तो चुकला. अर्ध्या वाटेवर छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, गुडघे वळेनात, आणि डोलीवाल्यांनी त्यांना वर नेलं. डोलीतून देवीपुढे उतरताना त्यांना इतकी लाज वाटली की नवस काय बोलायचा तेही आठवेना.

पुढे ज्येष्ठात डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं, "तात्यासाहेब, वजन उतरवा. नाहीतर टेकडी आता खालूनच पाहायची."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "यंदा अष्टमीला मी पायी चढणार. त्यासाठी उपास धरतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या."

अक्काला आनंद झाला. उपासाच्या स्वयंपाकात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. शिंगाड्याचा तुपातला शिरा, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचे लाडू, आणि भगर, जिला माळव्यात मोरधन म्हणतात. भाऊ एवढं कडक व्रत करतो आहे, तर त्याच्या पोटात काही जायला नको का? फराळ दुपारी होई, आणि रात्री अशक्तपणा वाटू नये म्हणून पुन्हा होई.

आषाढी एकादशीला तात्यासाहेबांच्या मनात आलं, की कवडीचं काय? तीही जिना चढताना दोनदा बसते. आपण सुधारायचं आणि तिला तसंच ठेवायचं हा अन्याय झाला. त्यांनी तिला आतल्या खोलीत घेतलं, म्हणजे समोरच्या पातीत जाणं बंद. दूध हे चरबीचं मूळ, म्हणून दुधाऐवजी पातळ ताक. बाकी आपल्याच फराळातलं बिनतुपाचं मोरधन आणि उकडलेलं रताळं.

"आणि तिचे वार कोणते?" अक्काने विचारलं.

"तिला वार कुठे कळतात? तिला रोजच उपासाचं."

पहिले काही दिवस कवडीने खोली डोक्यावर घेतली. मग ती गप्प झाली. ताटलीतलं मोरधन सुकून जाई, पण ओरडणं थांबलं होतं. दाराच्या फटीतून पाहून तात्यासाहेब समाधानाने म्हणाले, "वळण लागलं हो तिला."

त्याच सुमारास त्यांचा पुतण्या चिंतामणी धारहून आला. तो पुण्याला बी. एस्सी. होऊन धारच्या शाळेत विज्ञान शिकवत होता, आणि सुट्टी लागली की इंदूरमार्गे टांग्याने काकाकडे येई. आल्याआल्या त्याने विचारलं, "कवडी कुठंय?" कारण एरवी ती त्याच्या वळकटीवर येऊन बसत असे.

तात्यासाहेबांनी कौतुकाने दार उघडलं. कवडी कोपऱ्यात पडली होती. चिंतामणीने तिला उजेडात आणलं, कान उलटून पाहिला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. कानाची आतली कातडी, जी गुलाबी असायची, ती हळदीचं बोट फिरवल्यासारखी पिवळी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती.

"तात्या, हिने शेवटचं कधी खाल्लं?"

"रोज देतो की. मोरधन, रताळं…"

"दिलंत कधी ते नाही विचारलं. खाल्लं कधी?"

तात्यासाहेबांनी अक्काकडे पाहिलं. अक्का हळूच म्हणाली, "एकादशीपासून ताटली मीच उचलते. भरलेलीच असते. मला वाटलं, तू नंतर काही देत असशील."

चिंतामणी खाली बसला. रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, समजावून सांगणं होतं. "पुण्याला कॉलेजात एक लठ्ठ मांजर चिरून दाखवली होती, अशीच उपाशी राहून मेलेली. तिचं यकृत लोण्याच्या गोळ्यासारखं पिवळं झालं होतं. अंगात साठलेली चरबी एकदम सुटली की सगळी यकृताकडे धाव घेते, आणि त्याला ती झेपत नाही, असं आमचे प्रोफेसर म्हणायचे. बारीक मांजरापेक्षा लठ्ठ मांजराला उपास वाईट, तात्या. हिला आत्ताच्या आत्ता पोटात काही गेलं पाहिजे."

तात्यासाहेबांनी कवडीला जवळ ओढून घेतलं. बायको गेली त्या वर्षी हे पिल्लू कोठीच्या पोत्यांत सापडलं होतं. रिकाम्या घरात संध्याकाळी कोणीतरी आपली वाट पाहतं, ही गोष्ट त्यांना तिच्यामुळे कळली होती. टेकडी, डोली, लाज, सगळं त्यांच्या मनातून पुसून गेलं.

"काय देऊ सांग. दूध? साय? आत्ता आणतो."

"दूध थोडं चालेल. पण मांजर मूळची मांस खाणारी. मटणाचं पातळ पाणी मिळालं, बिनमसाल्याचं, तर उत्तम."

चातुर्मास लागलेला, आणि ब्राह्मणाचं घर.

"या घरात ते यायचं नाही," अक्का म्हणाली. मग क्षणभर थांबून, "पण मांजर त्या घरी जाऊ शकते. ती काय आज पहिल्यांदा जातेय?"

तात्यासाहेब कवडीला उपरण्यात गुंडाळून तसेच रस्त्यात उतरले. ओट्यावर बसलेल्या कृष्णाजींनी लांबूनच हाक मारली, "क्यों भिया, आज सवारी पायी? अष्टमी तर लांब आहे!" पण जवळ आल्यावर त्यांनी मांजरीचं तोंड पाहिलं आणि थट्टा तिथेच टाकली.

"कृष्णाजी, तुमच्याकडे आज मटण आहे का हो?" हे वाक्य आपण जन्मात कधी बोलू असं तात्यासाहेबांना वाटलं नव्हतं.

"नशीब बघा तुमचं. इथल्या माळवी लोकांचा सावन पुनवेलाच लागला, त्यांच्या घरी आता काही मिळणार नाही. पण आपल्या पंचांगात अमावास्येपर्यंत आषाढच. आमच्याकडे आखाड चालू आहे!"

आतून मीठ-मसाला पडण्याआधीचं कोमट पाणी आलं. चिंतामणीने अक्काकडून तान्ह्या मुलांना दूध पाजायचं बोंडलं मागून आणलं होतं. तात्यासाहेब ओट्यावर मांडी घालून बसले, मांजर मांडीवर घेतली आणि बोंडल्याच्या चोचीतून थेंब थेंब तिच्या गालफडात सोडू लागले. पहिलं सगळं बाहेर आलं. दुसऱ्यांदा घसा हलला.

"थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा," चिंतामणी म्हणाला. "एकदम भरलंत तर ओकेल."

त्या दिवसापासून तात्यासाहेबांचा मुक्काम धाकट्या पातीत पडला. पाजायचं, थांबायचं, पुन्हा पाजायचं. रस्ता ओलांडून अंघोळीला घरी यायचं, सोवळं नेसून पूजा करायची, पुन्हा तिकडे. येणारेजाणारे हसत, आणि ते कोणाला उत्तर देत नसत. अमावास्या जवळ आली तशी त्यांची काळजी वाढली. कृष्णाजींच्या बायकोने निरोप पाठवला, की माणसांचा श्रावण माणसांपुरता, मांजरीपुरतं भांडं वेगळं चढेल.

आणि एका सकाळी बोंडलं पुढे करताच कवडीने तोंड फिरवलं. तात्यासाहेबांना वाटलं, पुन्हा खाणं सुटलं. पण ती मांडीवरून उतरली, डुलत डुलत कृष्णाजींच्या चुलीपर्यंत गेली आणि भांड्याला नाक लावून ओरडली. जुनाच, हक्काचा, कर्कश आवाज.

"आली बघा वसुलीला!" कृष्णाजी म्हणाले. तात्यासाहेबांनी डोळे पुसले आणि धूर फार होतो म्हणून तक्रार केली.

मग चिंतामणीने दुसरा विषय काढला. "तात्या, तुमचं वजन?"

कोठीच्या काट्यावर ते ज्येष्ठापेक्षा दोन शेरांनी जास्त भरलं. काटा बिघडला असेल, असं तात्यासाहेब म्हणाले. पण त्या काट्याची तपासणी पेन्शन होईपर्यंत त्यांनीच केली होती, म्हणून ते म्हणणं त्यांनी स्वतःच मागे घेतलं. कवडी काट्यावर बसेना. तेव्हा चिंतामणी आधी तिला घेऊन चढला, मग एकटा चढला, आणि वजाबाकी केली. एवढी रोडावूनही ती साडेपाच शेर भरली.

"उपासाने वजन वाढतं कसं?" तात्यासाहेबांनी खरंच न कळून विचारलं.

चिंतामणीने अक्काला एवढंच सांगितलं, "गुरुवारी यांच्या पानात जे जे वाढाल, तेवढंच या परातीत काढून ठेवा. आणि शुक्रवारी साध्या जेवणाचं दुसऱ्या परातीत."

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही पराती शेजारी शेजारी आल्या. शुक्रवारची वरण, भात, पोळी, भाजी यांनी कशीबशी निम्मी भरली होती. गुरुवारच्या परातीत लाडूंवर शिरा, शिऱ्यावर काप, आणि कडेने थिजलेल्या तुपाचा पांढरा काठ.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "हा उपास?"

"म्हणजे घरात खरा उपास एकट्या मांजरीनेच केला," तात्यासाहेब म्हणाले, "आणि तिचा जीव जात होता. म्हणजे माझाही चूक, तिचाही चूक."

"दोन्ही घाईचे," चिंतामणी म्हणाला. "चढलेलं वजन कित्येक वर्षांत चढलंय. ते उतरायलाही वेळ द्या. साधं जेवा, थोडं कमी, रोज चाला. हिलाही मोजून द्या, पण उपाशी एक दिवसही नको. अष्टमीचा हट्ट मात्र सोडा. चैत्रातही नवरात्र असतंच की."

हट्ट सोडणं अवघड गेलं. पण मांडीवरच्या पिवळ्या कानाकडे पाहून तात्यासाहेबांनी मान डोलावली.

मग दोन्ही पातींत तह झाला. कवडीला खाऊ घालायचं ते एकाच हाताने, तात्यासाहेबांच्या. कृष्णाजींकडचं मांस ठरलेलं, तेही त्यांच्याच ओट्यावर. चित्राहुती पुन्हा चार शितांची झाली, आणि अक्का म्हणाली, "चित्रगुप्त बरा झाला." दुपारच्या झोपेआधी तात्यासाहेब जुन्या उपरण्याचं टोक जमिनीवर ओढत पडवीतून अंगणात आणि अंगणातून पडवीत फिरत, आणि कवडी त्या टोकावर झडप घालत मागे. आधी दोघंही लवकर दमत. नंतर ती दमेना, म्हणून त्यांनाही थांबता येईना.

अश्विनातल्या अष्टमीला ते टेकडीच्या पायथ्याशी गेले, गेल्या वर्षी जिथे बसले होते तिथपर्यंत चढले, वर पाहून हात जोडले आणि स्वतःच्या पायांनी खाली आले. डोलीवाले वाट पाहत होते, त्यांना त्यांनी नमस्कार केला.

चैत्रात मात्र ते पहाटे निघाले. सोबत कृष्णाजी होते आणि सुट्टीवर आलेला चिंतामणी. वळणावळणावर थांबत, श्वास जागेवर आला की पुन्हा निघत, ते वर पोचले. मागे कृष्णाजी कमरेवर हात ठेवून उभे होते.

"तात्यासाहेब, जरा दम खा हो! एवढी घाई कशाला?"

"घाई मी सोडली, कृष्णाजी," तात्यासाहेब म्हणाले. "तुम्हीही चिंतामणीच्या परातींचा प्रयोग करून बघा." देवीपुढे उभं राहिल्यावर या वेळी त्यांना मागायचं काही सुचलं नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही. खाली दोन्ही पातींची घरं एकमेकांत मिसळून गेली होती. आपलं कोणतं ते शोधत ते बराच वेळ उभे राहिले.

घरी आले तेव्हा पायात गोळे आले होते, पण मन तृप्त होतं. प्रसाद द्यायला त्यांनी अक्काला हाक मारली. ओ आली ती माळ्यावरून.

"काय शोधतेस गं वर?"

"शिंकाळं!" अक्काचा आवाज आला. "चुलीपाशी जाऊन बघ तुझी गुणाची लेक."

तात्यासाहेबांनी डोकावून पाहिलं. उंच फळीवर, आडव्या पडलेल्या बरणीच्या शेजारी, कवडी बसली होती. शेपटी खाली सोडून ती मिशांवरचं तूप निवांत चाटत होती. तिच्या कानांतून सकाळचं ऊन आरपार दिसत होतं, गुलाबी.

"चढली!" तात्यासाहेब म्हणाले, आणि हसू आवरत शिडी धरायला गेले.