नुसत्या पाण्यातला निळा

मित्रांनो, बोटभर उंचीची, चारही अंगांनी नितळ अशी मी क्वार्ट्झची कुपी. आता वय झालंय माझं. गारगोटी वितळवून मला घडवलं ती भट्टी आठवत नाही. आठवतं ते कुमासीच्या विद्यापीठातलं, यंत्राच्या पोटातलं काळोखं घर. तिथे न दिसणारा प्रकाश माझ्या एका अंगाने आत शिरतो, पोटातलं द्रावण चमकतं, आणि ती चमक यंत्र बाजूने टिपतं. पाहुणे आले की मला उंच धरून दाखवत. मग दिवा बिघडला आणि दोन वर्षं मी खणात कापसात पडून राहिले.

नवा दिवा बसला, आणि सेरवा नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने मला बाहेर काढलं. भेंडीची बुळबुळ गढूळ पाण्यातला गाळ कसा धरते, हे तिला शोधायचं होतं. बुळबुळीतल्या लांब धाग्यांना तिने चमकणारे ठिपके जोडले. धागा सुटा असला की ठिपके जांभळे चमकतात. मीठ घातल्यावर तो गुंडाळला आणि दोन ठिपके भिडले, की निळे.

निळा मिळाला! पहिल्याच दिवशी, भरपूर, आणि पुढचे तीन आठवडे रोज. येत्या शुक्रवारी राजधानी आक्रात सगळ्या जाणकारांपुढे ती तो मांडणार होती. मला मात्र खरं ठाऊक होतं. पण मला तोंड आहे, वाचा नाही.

मंगळवारी प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ बोआतेंगमामा तिच्या आलेखावर वाकले.

"मीठ नसतानाही निळा? पोरी, नुसतं पाणी भर बघू."

"पाण्यात काय दिसणार, मामा?"

"काही नाही ना? मग घाबरतेस कशाला?"

पाणी भरलं. आलेखावर निळा उंचवटा तस्साच उभा!

"कुपी कशानं धुतलीस गं?"

"आम्ल संपलं होतं... घरच्या धुण्याच्या पावडरीनं."

"कपडे झगझगीत करते ती? अगं, तिच्यातच निळी चमकणारी पूड असते, हा तिचाच रंग! तीन आठवडे तू भेंडी नाही, तुझा रविवारचा, चर्चचा पांढरा झगा मोजत होतीस!" मामा हसले, पण तिचा उतरलेला चेहरा बघून लगेच उठले. शेजारच्या विभागातून आम्ल स्वतःच मागून घेऊन आले.

सेरवाने वहीतल्या तीन आठवड्यांवर तिरकी रेघ मारली. मग तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं तिने मला धुतलं, दहादा विसळलं. गुरुवारी नुसतं पाणी काळोखं राहिलं. भेंडीचे धागे घातले, जांभळा. मीठ घातलं, किंचित निळा.

"एवढुसाच, मामा."

"एवढुसा, पण भेंडीचा."

आक्रात तिने आधी आपली चूक सांगितली, मग तो एवढुसा निळा. मामा अजून हे येईल त्याला सांगतात.

मित्रांनो, आम्हाला वरच्या कडेने धरा, घाईत धुऊ नका. आणि हवं तेच उत्तर झटकन मिळालं, तर जरा थांबा. आम्ही खोटं बोलत नाही हो. अंगाला जे लागलेलं असतं, तेच बोलतो.